टाचणीची गाडी

३ फेब्रुवारी, रविवार

गाडी पडली. म्हणजे मी पाडली. इथे तरी खरं लिहावं.

आमची लेक टाचणी नोकरीला परगावी गेली तेव्हापासून तिची मोटारसायकल आमच्या अंगणात उभी आहे. आठवड्यातून दोनदा चालू करायची, चौकापर्यंत फिरवून आणायची, म्हणजे बॅटरी उतरत नाही, असं ती जाताना बजावून गेली होती. ते मी इमानेइतबारे करतो. त्याखेरीज आणखी एक गोष्ट करतो, ती कुणाला ठाऊक नाही. दुपारी ही, टाचणीची आई, आडवी झाली आणि शिवणाच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं, की मी जाऊन गाडीवर बसतो. पुढे नाही, मागे. कापड आणायला आम्ही जायचो तेव्हा टाचणी चालवायची आणि मी मागे बसायचो, मांडीवर गठ्ठा घेऊन. ती माझी जागा. आज तसाच बसलो होतो. काल अंगणात पाणी मारल्यामुळे माती भुसभुशीत झाली होती. स्टँडचा पाय आत गेला आणि गाडी माझ्यासकट डावीकडे कलंडली.

आवाज ऐकून ही बाहेर आली. तोवर मी उभा राहून पँट झटकत होतो. मांजराने पाडली म्हणालो. ही गाडीकडे बघत राहिली. "मांजर होतं की बोका?" एवढं म्हणून आत गेली.

दोघांनी मिळून गाडी उचलली तीही बऱ्याच वेळाने, कारण आधी मी एकट्याने उचलायचा हट्ट केला. पेट्रोल सांडलं होतं. क्लचची दांडी वाकली. आणि टाकीवर टाचणीने माशाचं चित्र चिकटवलं होतं, ते अर्धं फाटून लोंबत होतं. त्याच्याखाली अंगठा बसेल एवढा पोचा. ते चित्र तिने गाडी नवी असताना लावलं होतं, तेव्हा मी तिला बोललो होतो की धड कापडाला ठिगळ कोण लावतं. आता ठिगळ गेलं आणि खाली माझा प्रताप दिसायला लागला.

या महिन्याच्या तेवीस तारखेला ती गाडी न्यायला येणार आहे. गाडी लावायला जागा असलेली खोली तिला मिळाली आहे. कपडे गेले, पुस्तकं गेली, तिची उशीसुद्धा गेली. गाडी तेवढी राहिली होती. गाडी गेल्यावर इथून न्यायला तिचं काही उरत नाही, हे मी गेला आठवडाभर मनात घोळवतो आहे.

४ फेब्रुवारी, सोमवार

किका मारून मारून पोटरी धरली, गाडी ढिम्म. शेवटी टाचणीला फोन लावला. मी स्वतःहून तिला फोन केला असं आजवर झालेलं नाही. ती दर रविवारी करते, सगळं बोलणं आईशी होतं, आणि शेवटी माझ्या वाट्याला येतं ते, "बाबा, बरा आहेस ना?" मी म्हणतो, बरा आहे. ती म्हणते, बरं ठेवते.

ती लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे. कुठल्या तरी इमारतीच्या आठव्या मजल्यावर होती. गाडी पडली म्हटल्यावर तिने आधी विचारलं की तुला लागलं नाही ना. मला कसं लागेल, मी घरात होतो, असं मी सांगितलं. मग डॉक्टरीणबाई सुरू झाल्या. कुठल्या बाजूला पडली, किती वेळ आडवी होती, पेट्रोलचा कॉक चालू होता की बंद. कॉक बंद कर म्हणाली, अर्धा तास सरळ उभी राहू दे, आत पेट्रोल जास्त झालंय. मग अॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धर आणि किक मार. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण शेळ्या ऐकल्या. गाडी खोकली, शिंकली आणि चालू झाली. इतका निळा धूर निघाला की दोरीवरचे कपडे हिला पुन्हा धुवावे लागले.

"फोन सायलेन्सरजवळ धर," टाचणी म्हणाली. मी धरला. दोघांनी बराच वेळ तो आवाज ऐकला. पोच्याचं मी काही बोललो नाही.

फोन ठेवला तेव्हा चहा गार झाला होता. तसाच प्यालो, आणि खरं सांगायचं तर छान लागला.

६ फेब्रुवारी, बुधवार

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गाडी ढकलत नेली. गाडी आडवी झाली की इंजिनातलं तेल हवेच्या फिल्टरमध्ये शिरतं, म्हणून धूर, म्हणून चालताना आचके, असं तो म्हणाला. फिल्टर खरंच तेलात बुडवलेल्या वातीसारखा निथळत होता. त्याने तो धुतला, वाळवला, दांडी सरळ केली. पोच्यावर बोट फिरवून म्हणाला, "मास्तर, हा ठोकून काढायचा तर रंग जाईल." राहू दे म्हटलं.

संध्याकाळी टाचणीचा फोन. बुधवारी! फिल्टरचा रंग कसा होता, प्लग काळा होता की पांढरा. मी सगळं नीट पाहून ठेवलं होतं, गिऱ्हाइकाची मापं सांगावी तसं घडाघडा सांगितलं. "तुला छान कळतं की रे बाबा," ती म्हणाली. हे मी हिला जेवताना दोनदा सांगितलं.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

तोड सापडली. पोचा काढता येत नसेल तर झाकावा. आपण शिंपी कशासाठी आहोत?

सोफ्याच्या कामातलं काळं रेक्झिन उरलं होतं. त्याला आतून पातळ फोम, त्याखाली मऊ अस्तर, आणि टाकीला अंगासरशी बसेल असं कव्हर. दोन दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. पेट्रोल भरायच्या झाकणावर वेगळी पट्टी केली, टिचबटणांनी बंद होणारी. पाणी, धूळ, काही आत जाणार नाही. सुई शिरेल एवढीही फट कुठे ठेवलेली नाही. इतकं बेतशीर काम माझ्या हातून लग्नाच्या कोटानंतर झालं नसेल.

ही बघायला आली. "पोच्याला दुलई शिवलीत," म्हणाली. मी म्हटलं, रंग जपायला आहे. "हो का," म्हणाली.

९ फेब्रुवारी, शनिवार

गाडी मस्त निघाली. धूर नाही, आचके नाहीत. चौकाच्या पुढे गेलो, शाळेचा चढ लागला आणि अर्ध्या चढावर गचके द्यायला लागली, जशी पेट्रोल संपल्यावर देते. बंद पडली. पेट्रोल तर मी परवाच भरलं होतं. किका मारल्या, काही नाही. कठड्यावर बसून राहिलो. शाळा सुटली, पोरं हसत गेली. मग सहज किक मारली तर लगेच चालू! घर येता येता पुन्हा तेच.

दहा-बारा मिनिटं सुरळीत, मग दम लागतो. विसावा दिला की पुन्हा सुरळीत. माझंही चढावर असंच होतं, पण माझं वय झालंय.

११ फेब्रुवारी, सोमवार

आता टाचणीचा फोन रोज येतो. मी पाचच्या सुमाराला मशीन बंद करून फोन समोर ठेवतो. गिऱ्हाइकांना सांगून ठेवलंय की पाचनंतर येऊ नका.

आज तिने सगळं पुन्हा सांगायला लावलं. किती वेळ चालते, चढावर लवकर बंद पडते का, थांबलं की किती वेळात उठते. मग तिने मध्येच विचारलं, "बाबा, टाकीवर काही घातलंय का?"

कव्हर म्हटलं तर ती विचारणार, कशाला शिवलंस? मग पोचा आला. मग मांजर आलं. मग मी मागच्या सीटवर काय करत होतो ते आलं.

"नाही," मी म्हणालो.

ती म्हणाली, "बरं. मग उद्या प्लग काढून बघ."

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. तिने सहज विचारलं असणार.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

प्लग काढला, घासला, लावला. फरक नाही. टाचणी म्हणाली, कार्बोरेटर साफ करून घे, टाकीच्या तळाचा गाळ पडताना हलला असेल. मिस्त्रीने कार्बोरेटर उघडून फुंकर मारली. फरक नाही. मग ती म्हणाली, प्लगची वायर बघ. मग म्हणाली, चेनला तेल दे. चेनचा आणि दम लागण्याचा काय संबंध, हे मला कळलं नाही, पण तिचं शिक्षण त्यातलं आहे. मी दिलं तेल.

आज मिस्त्रीला मागे बसवून चढावर नेलं, म्हटलं डोळ्यांनी बघ. बरोबर बंद पडली. तो उतरला, कव्हरची पट्टी उघडून टाकीत डोकावला, पेट्रोल आहे म्हणाला, किक मारली आणि लगेच चालू. परत येईपर्यंत एकदाही कुरकूर नाही. माझ्याकडे त्याने असं पाहिलं की आजार गाडीला नाही, मास्तरांना आहे. दवाखान्याच्या दारात ताप उतरतो तसं झालं.

ही म्हणते, मुलीशी एवढं तुम्ही ती घरात असताना बोलला नाहीत. खरं आहे. तेव्हा बोलायला काही नव्हतं. ती तिच्या खोलीत, मी मशीनवर, मध्ये एक दार, तेही उघडंच असायचं. ती आहे एवढं पुरायचं. लहान असताना ती मशीनखाली लोहचुंबक घेऊन रांगायची आणि सांडलेल्या टाचण्या गोळा करायची, त्यावरून हे नाव. परवा माझ्या तळव्यात टाचणी घुसली. वेचणारं कुणी नाही. दुखलं, पण मी तिथेच बसून राहिलो, कारण ती इतकी आठवली की उठवेना.

१७ फेब्रुवारी, रविवार

सापडलं!

सकाळी चढावर बंद पडली तेव्हा मिस्त्रीने केलं तेच केलं. पट्टीची टिचबटणं काढली, झाकण फिरवलं, आणि आतून फुस्स असा आवाज आला. सोड्याची बाटली उघडताना हवा बाहेर येते, तशी इथे आत ओढली गेली. किक मारली, चालू. पट्टी उघडी ठेवून पुलापर्यंत जाऊन आलो, बंद नाही. पट्टी लावून गेलो, चढावर बंद.

झाकणाला बारीक भोक असतं. त्यातून टाकीत हवा जाते म्हणून पेट्रोल खाली उतरतं. मी फोम आणि रेक्झिन आवळून त्या भोकाचं नाक दाबलं होतं. पडण्याचा दोष फिल्टर धुतला त्याच दिवशी गेला. त्यानंतरचं सगळं माझ्या सुबक कामाचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! फिल्टर, प्लग, कार्बोरेटर, बिचारी चेनसुद्धा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

धावत घरी आलो. ही बाजारात गेली होती. टाचणीला सांगायला फोन उचलला, नंबर काढला आणि तसाच बसलो.

सांगितलं की झालं. ती म्हणणार, शाब्बास बाबा. उद्यापासून फोन कशाला येईल? मग रविवारी, आईशी, आणि शेवटी बरा आहेस ना.

पाचला तिचा फोन आला. कशी आहे गाडी, तिने विचारलं.

"अजून दम लागतो," मी म्हणालो.

मग आम्ही पाऊण तास बोललो. गाडीवरून तिच्या लिफ्टवर गेलो, लिफ्टवरून तिच्या घरमालकिणीवर. कोपरावर कोट फाटलाय म्हणाली. इथे असती तर सकाळी काढून ठेवला असता आणि संध्याकाळी घातला असता. मी म्हटलं, घेऊन ये.

२० फेब्रुवारी, बुधवार

तीन दिवस मी चांगल्या गाडीची दुखणी सांगतो आहे. आज तर आवाजाची नक्कलही केली. लाज वाटते, पण पाच वाजले की वाटत नाही.

दुपारी आत गेलो तर ही फोनवर कुणाशी तरी खुदखुदत होती. मला पाहून गप्प झाली. कोण म्हणून विचारलं तर म्हणाली, "तुमच्या गाडीचीच विचारपूस." म्हणजे हीसुद्धा टाचणीला दुपारचा फोन करते. मला वाटलं होतं मी एकटाच.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या येणार.

कव्हर काढावं तर पोचा दिसतो, ठेवावं तर गाडी गुदमरते. एवढ्या लांबच्या रस्त्यावर लेक एकटी, ट्रकांच्या मधोमध गाडी बंद पडली तर? नुसतं मनात आलं तसा सुई-दोरा काढला. गंमत इथपर्यंत ठीक होती.

पट्टीवर, भोकाच्या नेमकं वर, एक काज केलं. हाताने, रेशमी दोऱ्याने, दाट टाके घालत. फोम तेवढ्या जागी कापून टाकला. मग शाळेचा चढ चढून, पूल ओलांडून, पार फाट्यापर्यंत जाऊन आलो. एकदाही थांबली नाही.

गाडी आता अगदी तयार आहे. न्यावी तिने. मला ती जायला नको आहे. गाडी म्हणत नाही मी.

२३ फेब्रुवारी, शनिवार

बसमधून उतरली तेव्हा आधी ओळखलीच नाही, केस कापलेत. पाया पडली, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "चल, कव्हर बघू तुझं." कव्हराचं मी तिला कधी सांगितलं होतं? नाहीच. आईने सांगितलं असेल म्हणावं तर तेव्हाच तिने मला विचारलं असतं. असो.

अंगणात तिने कव्हरवर हात फिरवला. शिवण उलटून पाहिली, काज पाहिलं, काजावर बोट ठेवून थोडी थांबली. "काज कधी केलंस?" मी म्हटलं, काल. बरं, म्हणाली. मग खालची नाडी सोडून तिने सरळ कव्हर काढलं.

मी खाली बघत उभा राहिलो. फाटका मासा आणि त्याखालचा पोचा. म्हटलं, आता सांगावं लागणार. तोंड उघडलं, "मांजर नव्हतं ते..."

"बाबा," ती म्हणाली, "हा पोचा माझा आहे."

गाडी घरात आली त्याच आठवड्यात तिने कॉलेजच्या फाटकावर ती पाडली होती. मी रागावेन म्हणून चित्र आणून चिकटवलं. इतकी वर्षं त्या माशाखाली तिचा पोचा होता, मी त्याला ठिगळ म्हणून नावं ठेवत होतो आणि ती ऐकून घेत होती. स्वयंपाकघराच्या दारातून ही म्हणाली, "खाण तशी माती." त्यावर आम्ही तिघंही इतके हसलो की शेजारीण डोकावली.

मांजर नव्हतं तर कोण होतं, हे टाचणीने विचारलं नाही. कोट मात्र पुढे केला. मी तो तिच्या समोर बसून शिवला. ती मशीनखाली वाकून दोन टाचण्या काढून गेली.

संध्याकाळी म्हणाली, चल, बघू कुठे दम लागतो. मी मागे बसलो. हात कुठे ठेवायचे ते हातांना ठाऊक होतं. चौक, शाळेचा चढ, पूल. गाडी पाण्यासारखी चालली होती.

"बाबा, अजून कशी बंद पडली नाही?" तिने मान न वळवता विचारलं.

"तू आलीस म्हणून असेल," मी म्हणालो.

तिचे खांदे हलले. हसली की काय, वाऱ्यात ऐकू आलं नाही. पुलावरून परत फिरायचं होतं, पण ती फाट्यापर्यंत गेली. ती जागा, तो वारा, समोर तिची पाठ. मला आयुष्यात आणखी काही नको होतं.

२४ फेब्रुवारी, रविवार

सकाळी गेली. कव्हर तिने स्वतः टाकीवर चढवलं, नाडी आवळली, काज भोकावर आलंय ना ते वाकून पाहिलं. आईने डबा दिला. मी हवा दोनदा तपासली. दोन्ही वेळा ठीक होती.

दुपारपर्यंत फोनजवळ बसलो. पोचले, एकदाही बंद पडली नाही, एवढा निरोप आला.

अंगणात स्टँडने केलेला खड्डा आहे. हिने विचारलं, बुजवायचा का? म्हटलं, राहू दे.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

पाच वाजता मशीन बंद केलं. मग आठवलं, आणि पुन्हा चालू केलं.

२७ फेब्रुवारी, बुधवार

फोन आला. टाचणीचा. बुधवारी.

"बाबा, गाडीला दम लागतोय."

मला पटेना. शंभर कोस न थांबता गेलेली गाडी. मी सगळं रीतसर विचारलं. किती वेळ चालते, चढावर लवकर बंद पडते का, थांबलं की किती वेळात उठते. ती सांगत गेली. तिचं सांगणं आणि माझं पंधरा दिवसांचं सांगणं सारखंच होतं, शब्दन् शब्द. मग मी विचारलं, "टाकीवर काही घातलंय का?"

"नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "फोनवर नाही कळायचं रे. तू येऊन बघ ना. आईलाही आण."

आत जाऊन हिला सांगणार, तर माळ्यावरची बॅग खाली उतरलेली, पुसून पलंगावर ठेवलेली. हिला आधीच कसं कळलं कोण जाणे. परवाच्या बसने निघतो आहोत. पान्हे घेतले, प्लग घासायचा कागद घेतला, रेशमी दोरा आणि कात्रीही घेतली. दोष कुठला ते गाडी पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. दोन-चार दिवस सहज लागतील.